डेक्स्ड

डेक्स्ड हे यामाहा कंपनीच्या डीएक्स७ या सिंथेसायझरची संगणकावर नक्कल करणारे मोफत, मुक्त स्रोत प्लगइन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा प्रोग्राम, आहे. पास्कल गोतिए यांनी ते तयार केले. त्यातला ध्वनिनिर्मितीचा भाग राफ लेव्हिएन यांनी अँड्रॉइडसाठी लिहिलेल्या सिंथेसायझरवर बेतलेला आहे.

डीएक्स७ १९८३ साली बाजारात आला. एका लहरीने दुसऱ्या लहरीची वारंवारता वेगाने हलवली की नवे स्वरांश उमटतात, हे स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये आढळले होते. या एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन) तंत्राचा परवाना यामाहाने घेतला. डीएक्स७ मध्ये प्रत्येक स्वरासाठी सहा ऑपरेटर, म्हणजे लहर निर्माण करणारे घटक, असतात आणि त्यांच्या जोडणीच्या ३२ रचना.

त्या काळी घराघरांत पोहोचलेला ‘ई. पियानो १’ हा आवाज डेक्स्डमध्ये उघडून पाहावा. त्यात ऑपरेटरांच्या तीन जोड्या आहेत. दुसरा ऑपरेटर मूळ स्वराच्या १४ पट वारंवारतेवर चालतो आणि पट्टी दाबताच येणारी काचेसारखी टिणटिण त्याच्यामुळे येते. त्याची पातळी शून्यावर आणली की ती टिणटिण जाते, मऊ स्वर तेवढा उरतो.

अॅनालॉग, म्हणजे विद्युत मंडलांतून आवाज घडवणाऱ्या, वाद्याची नक्कल करताना तापमानाने आणि वयाने बदलणाऱ्या सुट्या भागांचा अंदाज बांधावा लागतो. डीएक्स७ चा आवाज मुळातच आकडेमोडीतून तयार होतो, म्हणून इथे नक्कल मुळाच्या फार जवळ जाऊ शकते. जुने आवाजही जसेच्या तसे चालतात: ३२ आवाजांची अख्खी फाइल अवघी ४,१०४ बाइटची असते. फरक उरतो तो मुख्यतः खरखरीचा. मूळ वाद्यातील आकड्यांचे विद्युत लहरीत रूपांतर करणाऱ्या १२ बिटांच्या भागामुळे विरत जाणारा स्वर किंचित खरबरीत होतो. डेक्स्डच्या ‘मॉडर्न’ पद्धतीत स्वर स्वच्छ येतो. ‘मार्क १’ मध्ये मुद्दाम कमी अचूकतेची गणिते वापरून जुन्या आवाजाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न आहे.

तरीही या प्लगइनचे मोठे काम पडद्यावरचे आहे. मूळ वाद्यावर सपाट बटणे आणि दोन ओळींचा छोटा पडदा होता; एका वेळी एकच मूल्य दिसे. त्यामुळे बहुतेक वादक कंपनीने भरून दिलेल्या आवाजांवरच भागवत. डेक्स्डमध्ये सहाही ऑपरेटर एकत्र समोर असतात, आणि ज्यांच्याकडे खरा डीएक्स७ आहे ते मिडी केबलने (वाद्य आणि संगणक यांच्यात माहिती नेणाऱ्या) तो जोडून त्याचे आवाजही इथूनच घडवू शकतात.