परके, पावणे आणि शेजारी: कोल्हापुरी व्यंगकथेमागचा इतिहास

शेजाऱ्याविषयीच्या अढीची टर उडवणारं लेखन मराठीत जुनं आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. दोघे एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि शेवटी गळाभेट घेतात. पुढे तमाशातल्या सोंगाड्याने हीच खोडी गावच्या मानकऱ्यांशी केली. कोल्हापूरजवळच्या पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी इथली बोली आणि गावकीतले डावपेच कथेत आणले. स्थलांतरितांवर लिहायचं तर कोल्हापूरकराला मात्र विषय शोधत लांब जावं लागत नाही.

१८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली आणि बाहेरगावचे व्यापारी इथे आले. त्यांचे पणतू आज तांबड्या-पांढऱ्यावर नाहीतर मिसळीच्या कटावर अस्सल कोल्हापुरीत वाद घालतात.

परकं ठरायला बाहेरून यावंच लागतं असंही नाही. गंगाराम कांबळे इथलेच, महाराजांच्या पदरी नोकरीला. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार बसला. महाराजांनी त्यांना हॉटेल काढून दिलं. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. आता सोवळं सांभाळायचं की महाराजांची मर्जी? व्यंगकथेचा प्रसंग तयारच आहे.

खरं घबाड आहे कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने सायबेरियात हाकललेले पोलिश लोक पुढे इराणमार्गे भारतात आले. त्यातल्या सुमारे ५,००० जणांसाठी, बहुतेक बायका-मुलांसाठी, १९४३ मध्ये इथे छावणी उभी राहिली. शाळा होत्या, चर्च होतं, नाटकंही व्हायची. १९४८ पर्यंत ही मंडळी निघून गेली. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. मग त्याच छावणीत फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं आली. तिचं गांधीनगर झालं, कापडाची पेठ झाली, आणि आसपासची गावं लग्नाचा बस्ता बांधायला तिथेच जाऊ लागली.

पोलिश लोकांविषयी इथे भरभरून बोललं जातं. ते परत गेले, हे त्यामागचं मोठं कारण असावं, असं मला वाटतं. पावणा उठणार हे नक्की असलं की यजमानाचा हात सैल सुटतो. सिंधी राहिले, दुकानं थाटली, त्यामुळे त्यांच्या वाट्याला कौतुकापेक्षा घासाघीस जास्त आली. व्यंगकाराने बोट ठेवायचं ते या फरकावर.

आता शिरोलीच्या फौंड्रीत आणि इचलकरंजीच्या मागावर बिहार, उत्तर प्रदेशचे कामगार आहेत. ‘गाव कंचं, पावणं?’ हा प्रश्न त्यांनाही चुकत नाही. मी कथा लिहिली तर तो विचारणारा, आजोबा गाठोडं घेऊन आलेला पेठेतला दुकानदार असेल. बिहारी पोऱ्याकडून गठ्ठे उतरवून घेता घेता तो शेजाऱ्याला सांगेल, ‘ही भाईरची लोकं आली आन् कोल्लापूर बिघाडलं बघा.’