रेडिएटर संतुलन

घरातील केंद्रीय तापन व्यवस्थेत खोल्या तापवण्यासाठी रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी खेळणारे धातूचे पोकळ फलक, बसवलेले असतात. प्रत्येक रेडिएटरला त्याच्या वाट्याचे गरम पाणी मिळावे, यासाठी त्यांचे व्हॉल्व्ह कमीअधिक उघडून ठेवण्याच्या कामाला रेडिएटर संतुलन म्हणतात. ब्रिटनमधील घरांत बहुधा दोन नळांची पद्धत असते. एका नळातून बॉयलरचे गरम पाणी रेडिएटरांकडे जाते, दुसऱ्यातून निवलेले पाणी परत येते. जिथे अडथळा कमी, तिथून पाणी जास्त वाहते. म्हणून बॉयलरजवळचा रेडिएटर चटका बसेल इतका तापतो आणि मागच्या खोलीतला कोमटच राहतो. पाटाच्या शेपटाला असलेल्या शेताची जी गत, तीच त्या खोलीची.

अशा वेळी घरचे लोक थर्मोस्टॅट वाढवतात किंवा पंपाचा वेग वाढवतात. त्याने मुख्यतः आधीच गरम असलेल्या खोल्या आणखी तापतात आणि गॅसचे बिल फुगते. आधी दोष ओळखावा. रेडिएटर वरून थंड असेल तर आत हवा अडकलेली असते. ती किल्लीने सोडावी. खालून थंड असेल तर तळाशी गंजाचा काळा गाळ साचलेला असतो. बाकीचे रेडिएटर कडक आणि एकच सगळीकडून कोमट असेल, तर संतुलन बघावे.

रेडिएटरच्या एका टोकाला रोज हाताळायचा व्हॉल्व्ह असतो आणि दुसऱ्या टोकाला लॉकशील्ड, म्हणजे एकदा जुळवून तसाच ठेवायचा, टोपणाखाली झाकलेला व्हॉल्व्ह. लॉकशील्डवरचे प्लास्टिकचे टोपण ओढून काढले की आत पितळेचा चौकोनी दांडा दिसतो. तो पान्याने फिरवायचा. बॉयलरजवळच्या रेडिएटरचे पाणी कमी केले तर तो गार पडेल, ही भीती बहुतेकांना वाटते, पण ती अनाठायी आहे. ८० अंशांनी शिरून ७० अंशांनी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा प्रवाह निम्मा केला, तरी त्या रेडिएटरची उष्णता जेमतेम दहा टक्क्यांनी घटते. पाणी आत जास्त वेळ रेंगाळते आणि अधिक उष्णता देऊन जाते. संतुलनाची सगळी मदार यावरच आहे.

व्यवस्था पूर्ण गार झाल्यावर सगळे व्हॉल्व्ह पुरते उघडून बॉयलर सुरू करावा आणि रेडिएटर कोणत्या क्रमाने तापतात ते टिपून ठेवावे. सर्वांत आधी तापणाऱ्याचे लॉकशील्ड बंद करून पाव फेरा उघडावे आणि पुढे त्याच क्रमाने एकेक रेडिएटर घ्यावा. शेवटचा बहुधा पूर्ण उघडाच राहतो. दोन्ही नळांना तापमापक लावून शिरणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यातला फरक बघावा. प्रत्येक बदलानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. घाई केली की मापे फसवतात. इन्फ्रारेड तापमापक चकचकीत तांब्यावर चुकीचे तापमान दाखवतो, म्हणून तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळतात.

जुन्या बॉयलरांसाठी ११-१२ अंशांचा फरक धरत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून नव्या गॅस बॉयलरांसाठी कंडेन्सिंग प्रकार सर्वसाधारणपणे सक्तीचा झाला. त्यात परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांखाली असेल तरच धुरातली वाफ निवून तिची उष्णता हाती लागते. म्हणून २० अंशांचा फरक साधणे चांगले. हीट पंपावर, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या यंत्रावर, फरक पाचेक अंशांचाच ठेवतात; तिथे पाणी जास्त फिरवावे लागते आणि चुकीला वाव कमी असतो. जर्मनीने तर संतुलनाचे हे काम कायद्यातच आणले: २०२२ च्या अध्यादेशाने, गॅसवरच्या केंद्रीय तापनाच्या, दहा किंवा अधिक घरांच्या निवासी इमारतींना ३० सप्टेंबर २०२३ ची मुदत घालून दिली.

थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असला की संतुलन नको, हा समज चुकीचा आहे. तो खोली पुरेशी तापल्यावर पाणी आवरतो. पण थंडीच्या सकाळी सगळे व्हॉल्व्ह उघडे असताना पाण्याची वाटणी लॉकशील्डच करते.

रंगकामासाठी रेडिएटर उतरवताना लॉकशील्ड बंद करतात आणि परत बसवल्यावर ते हमखास पूर्ण उघडले जाते. तिथेच आधीची मेहनत वाया जाते. म्हणून बंद करतानाच फेरे मोजून तो आकडा टोपणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा.