लिव्हरच्या पेशी आणि औषधातले नॅनोकण: थोडी पार्श्वभूमी

आपल्या सोलापुरात कुठल्याही सरकारी दवाखान्यात गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सात-आठवर आलं की आयर्न सुक्रोज चढवतेत, गडद तपकिरी औषध, ५ मिलीच्या अँप्युलमध्ये १०० मिलिग्रॅम लोह, सलाईनमध्ये मिसळून. हे बघितलेलं सगळ्यांनीच असतं, पण ते नॅनोकणांचं, म्हणजे अतिशय बारीक कणांचं औषध आहे म्हटलं की लोक चमकतात. लोहाचा बारीक गाभा आणि भोवती साखरेचं कवच, एवढंच ते. रक्तात गेल्यावर हे कण जास्त करून लिव्हर आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात, त्यामुळे नॅनोऔषधाने लिव्हरला काय होतं हा प्रश्न फक्त कॅन्सर आणि कोविड लशीपुरता नाही.

जुना इतिहास थोडक्यात. १९३० च्या दशकापासून एक्स-रेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून थोरियम डायऑक्साईडचे बारीक कण शिरेतून द्यायचे, थोरोट्रास्ट नावाने. ते लिव्हरमध्ये जाऊन बसले ते कायमचेच, आणि वीस-तीस वर्षांनी त्या पेशंटना लिव्हरचे कॅन्सर निघाले. तिथे खरा गुन्हेगार किरणोत्सार होता हे मान्य, पण लिव्हर कण धरून ठेवतं ते सोडत नाही हे तेव्हाच कळलेलं. पुढे १९९६ ला अमेरिकेत लोह ऑक्साईडचं एमआरआय औषध मंजूर झालं, त्यात तर याच सवयीचा फायदा घेतला, निरोगी लिव्हरमधल्या कुप्फर पेशी (लिव्हरच्या स्वतःच्या भक्षक पेशी) कण खातात म्हणून तो भाग काळा दिसतो, गाठीत त्या पेशी फारशा नसतात म्हणून गाठ उठून दिसते.

विषारीपणाचा वेगळा अभ्यास सुरू झाला तो २००४-०५ च्या आसपास. २००५ मध्ये उंदराच्या लिव्हर पेशींवरचा एक पेपर आला, त्यात चांदीचे कण ५ ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली इतक्या कमी डोसलाच पेशींची वाट लावत होते, पेशीला जपणारं ग्लुटाथिओन घटलेलं, पेशीची ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया ढेपाळलेले, आणि त्याच डोसला लोह ऑक्साईड, टायटॅनियम डायऑक्साईड यांनी काही विशेष केलं नाही. यानंतर पेपरांचा पूर आला आणि माझ्या मते गोंधळ इथूनच सुरू झाला.

कारण बहुतेकांनी टेस्टला घेतल्या हेप-जी-२ पेशी. अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या एका मुलाच्या गाठीतून ७० च्या दशकात काढलेली ही सेल लाईन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी, स्वस्त, कुठेही मिळणारी, फ्लास्कमध्ये भराभर वाढणारी. कितीतरी वर्षं सगळे तिला मोठ्यांच्या लिव्हर कॅन्सरची लाईन म्हणत होते आणि २००९ ला जुनं सगळं तपासून सांगितलं गेलं की ती हेपॅटोब्लास्टोमाची, म्हणजे लहान मुलांत होणाऱ्या लिव्हरच्या कॅन्सरची आहे. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे या पेशींत औषध मोडणारी सायटोक्रोम एन्झाईम्स फारच कमी, म्हणजे खऱ्या लिव्हरचं मुख्य काम त्या जेमतेम करतात. वर त्या सारख्या विभागत राहतात, एका पेशीत शिरलेले कण दोघींत वाटले जातात, मग चौघींत, डोस आपोआप पातळ होत जातो. मोठ्या माणसाच्या लिव्हरमधली पेशी सहसा विभागत बसत नाही, तिच्यात कण साठत राहतात. आणि डिशमध्ये कुप्फर पेशीच नाहीत, खऱ्या लिव्हरमध्ये कण आधी त्यांच्याकडे जातात आणि त्या चिडून जी रसायनं सोडतात त्याने शेजारच्या पेशी मरतात, ते नुकसान इथे दिसणारच कसं? पेशंटच्या लिव्हरमधून काढलेल्या ताज्या पेशी घ्याव्यात तर त्या महाग, आणि साध्या डिशमध्ये काही दिवसांतच आपले गुण सोडतात.

टेस्टचंही तसंच. एमटीटी म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजायची टेस्ट, त्यात ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये पिवळा रंग टाकायचा, जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात, ५७० नॅनोमीटरच्या आसपास रीडिंग घ्यायचं. आता सोन्याचे कण स्वतःच ५२० च्या आसपास प्रकाश शोषतात, ते रीडिंगमध्ये घुसतात. कार्बन नॅनोट्यूब तर त्या जांभळ्या स्फटिकांनाच चिकटून बसतात, पेशी जिवंत असून मेलेल्या दिसतात, हे २००६ ला छापून आलंय. तरी आपल्याकडे डाळिंबाच्या सालीपासून चांदीचे कण करणारी एमएस्सीची पोरं २४ तासांची एमटीटी लावून खाली 'नॉन-टॉक्सिक' लिहून मोकळी होतेत. पोरांना काय बोलणार, गाईडनेच तसं शिकवलेलं असतंय.

२०१६ च्या एका आढाव्यात आलं की शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी ३० ते ९९ टक्के लिव्हरमध्ये अडकतात. २०१८ ला लिपिड म्हणजे चरबीच्या नॅनोकणातून आरएनए देणारं पहिलं औषध मंजूर झालं, ते मुद्दामच लिव्हरच्या पेशीत जाईल असं बनवलेलं, आणि त्याच्या लिपिडवर कायमचा धन भार ठेवलेला नाही, कारण तसली आधीची लिपिडं पेशींना जाचक ठरली होती. २०१९ मध्ये भारतातही नॅनोऔषधं तपासायची मार्गदर्शक तत्त्वं निघाली.

लोहाच्या इंजेक्शनचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. मूळ आयर्न सुक्रोज आणि त्याच्या स्वस्त नकला एकसारख्या आहेत का? उंदरांवरच्या अभ्यासात काही नकलांनी लिव्हर एन्झाईम्स (लिव्हरला इजा झाली की वाढतात ती) आणि पेशींवरचा ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवला असं निघालं, पण यातल्या काही अभ्यासांना मूळ कंपनीचाच पैसा होता, तेव्हा ते जरा जपूनच वाचावं. तरी युरोपच्या नियामकांनी २०१५ ला सांगितलं की अशा नकलेसाठी रक्तातलं लोह जुळलं एवढ्यावर भागणार नाही, लिव्हरसारख्या अवयवांत ते किती आणि कसं वाटलं जातं तेही दाखवा. आपल्या भागात वर्षाला एवढ्या बायकांना हे चढतं, त्या अँप्युलवरचं कंपनीचं नाव दर टेंडरला बदलू शकतं, आणि केसपेपरवर मात्र नुसतं 'आयर्न सुक्रोज' लिहिलेलं असतंय.