गोंगाटजन्य बहिरेपणा : रेणवीय जीवविज्ञान

मोठ्या आवाजामुळे अंतर्कर्णातील ध्वनिग्राहक पेशींची आणि त्यांना जोडलेल्या चेतातंतूंची हानी होते. या हानीमागे रेणूंच्या पातळीवर काय घडते, याचा अभ्यास म्हणजे हा विषय. ‘कान फाटेल एवढा आवाज’ असे आपण सहज बोलतो, पण बहुतेक वेळा कानात काहीच फाटत नाही. बंदुकीचा किंवा स्फोटाचा १४० डेसिबेलच्या वरचा दणका सोडला, तर हानीचा मोठा भाग रासायनिक असतो आणि तो आवाज थांबल्यावरही चालू राहतो. पेशी मरतात त्या आवाजाच्या क्षणी नव्हे, तर पुढच्या काही तासांत आणि दिवसांत. या विकारावर उपचार शोधण्याची सारी आशा या उसंतीवरच उभी आहे.

कर्णावर्त म्हणजे कॉक्लिआ ही माणसात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीची, गोगलगायीच्या शंखासारखी अडीचेक वेढे घेतलेली नळी असते. तिच्या लांबीभर केशपेशींच्या, म्हणजे ध्वनिग्राहक पेशींच्या, चार रांगा असतात. आतली एक रांग सुमारे ३,५०० पेशींची, तर बाहेरच्या तीन रांगांत मिळून सुमारे १२,००० पेशी. आतल्या केशपेशी ध्वनीचा संदेश मेंदूकडे धाडतात. बाहेरच्या केशपेशी प्रेस्टिन या प्रथिनाच्या बळावर सेकंदाला हजारो वेळा आखडतात आणि लांबतात. त्यामुळे क्षीण ध्वनी वाढवला जातो. प्रेस्टिनचा शोध २००० साली लागला. गोंगाटाचा पहिला फटका या बाहेरच्या रांगांनाच बसतो, आणि सस्तन प्राण्यांत गेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही.

प्रत्येक केशपेशीच्या माथ्यावर ताठ रोमांचा झुपका असतो. हे रोम जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत्या उंचीने रचलेले असून आखूड रोमाचे टोक शेजारच्या उंच रोमाला एका धाग्याने बांधलेले असते. धाग्याची लांबी जेमतेम १५० नॅनोमीटर. त्याचा वरचा भाग कॅढेरिन-२३ या प्रथिनाचा आणि खालचा प्रोटोकॅढेरिन-१५ चा. रोम एका बाजूला झुकले की धागा ताणला जातो, त्याच्या खालच्या टोकाशी असलेली, टीएमसी-१ आणि तिच्या साथीदार प्रथिनांनी बनलेली वाहिनी उघडते आणि पोटॅशियम व कॅल्शियमचे आयन पेशीत घुसतात. त्यांना आत ढकलणारा दाबही जबर असतो. रोमांभोवतीच्या एंडोलिम्फ द्रवावर सुमारे ८० मिलिव्होल्टचा धन विद्युतभार असतो आणि पेशीचे अंतरंग ऋणभारित असते. हा भार टिकवण्यासाठी कर्णावर्ताच्या बाहेरच्या भिंतीतला रक्तवाहिन्यांनी भरलेला पट्टा अखंड ऊर्जा खर्च करत असतो.

तीव्र आवाजात हे धागे तुटतात, रोमांना ताठ ठेवणाऱ्या ॲक्टिन या प्रथिनाच्या गाभ्यात भेगा पडतात आणि पेशी तात्पुरती बधिर होते. कानात दडे बसल्यासारखे वाटणे, बारीक शिट्टी वाजत राहणे आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत होणे या अनुभवामागे इतर कारणांबरोबर हेही एक असते. धागे एक-दोन दिवसांत नव्याने जोडले जातात. ॲक्टिनमधल्या भेगांच्या ठिकाणी एक्सआयआरपी-२ हे प्रथिन जमते आणि दुरुस्तीला हातभार लावते, असे उंदरांवरील कामातून दिसले आहे. केशपेशी मुळीच दुबळी नाही. जे मोडते ते सांधण्याची सोय तिच्यात आहे. ती मरते ती बहुधा दुसऱ्याच कारणाने.

ते कारण ऑक्सिजनशी निगडित आहे. गोंगाटात केशपेशीला आयन बाहेर उपसण्यासाठी प्रचंड ऊर्जा लागते आणि तंतुकणिका (मायटोकाँड्रिया), म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रे, ताणाखाली येतात. त्यांच्यातून निसटलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड तयार होते. त्यापासून पुढे हायड्रॉक्सिल मूलक आणि परॉक्सिनायट्राइट असे आणखी घातक रेणू बनतात आणि ते पेशीपटलातील मेद, प्रथिने व डीएनए यांवर तुटून पडतात. त्यातच गोंगाटामुळे कर्णावर्ताचा रक्तपुरवठाही कमी होतो. गिनिपिगांवरील प्रयोगांत हे रेणू आवाज थांबल्यावर ओसरले नाहीत, उलट वाढत जाऊन ७ ते १० दिवसांनी सर्वाधिक झाले. अशाच प्रयोगांत आवाजानंतर तीन दिवसांच्या आत ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये दिली, तरी हानी काही प्रमाणात कमी झाली.

पेशीत ग्लुटाथायॉनसारखी स्वतःची बचावद्रव्येही असतात. पण ती सर्वत्र सारखी नसतात. कर्णावर्ताच्या तळाशी उच्च स्वर टिपणाऱ्या बाहेरच्या केशपेशींत ग्लुटाथायॉन कमी आढळते, आणि आधी मरतात त्या तळाकडच्याच. ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसणारी खाच मात्र एवढ्याने उलगडत नाही. कानाची नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी आपोआप वाढवते आणि तीव्र आवाजाची हानी त्याच्या वारंवारतेपेक्षा सुमारे अर्ध्या सप्तकाने वर होते, हेही तिच्यामागे आहे.

दरम्यान पेशीत साचलेले कॅल्शियम तंतुकणिकांत शिरते. जेएनके ही ताणसंदेशाची साखळी जागी होते, तंतुकणिकांतून सायटोक्रोम-सी बाहेर पडते, कॅस्पेज-९ आणि मग कॅस्पेज-३ ही विकरे (एंझाइमे) चेततात आणि पेशी स्वतःलाच शिस्तीने मोडीत काढते. आवाज अधिक तीव्र असेल, तर पेशी फुगून फुटतात, म्हणजे ऊतकमृत्यूचे प्रमाण वाढते. टीएनएफ-आल्फा आणि इंटरल्युकिन-१ बीटा यांसारखे दाहकारक रेणू स्रवतात, भक्षकपेशी धावून येतात. शेजारच्या आधारपेशी मेलेल्या पेशीची जागा ताबडतोब बुजवतात. ही तातडी आवश्यकच असते, कारण तिथे भोक राहिले तर पोटॅशियमने भरलेला द्रव खाली झिरपून शेजारच्या पेशींना मारेल.

चेतासंधींची हानी : २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना १०० डेसिबेलचा आवाज दोन तास ऐकवला. दोन आठवड्यांत उंदरांची श्रवणक्षमता चाचणीनुसार पूर्ववत झाली होती आणि केशपेशीही शाबूत होत्या. परंतु कर्णावर्ताच्या उच्च स्वरांच्या भागात आतल्या केशपेशी आणि चेतातंतू यांच्यातील जवळजवळ निम्म्या चेतासंधी (सिनॅप्स), म्हणजे संदेश पोचवणारे सांधे, कायमच्या नाहीशा झाल्या होत्या. ‘आवाज ओसरला, ऐकू येऊ लागले, म्हणजे कान बरा झाला’ ही समजूत या प्रयोगाने मोडली. ती पाठ्यपुस्तकांतही होती.

चेतासंधीच्या केशपेशीकडील बाजूस रिबआय या प्रथिनाने बनलेली एक फीत असते आणि तिच्याभोवती ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाने भरलेल्या पिशव्या लगडलेल्या असतात. गोंगाटात ग्लुटामेट गरजेपेक्षा जास्त ओतले जाते, पलीकडच्या चेतातंतूच्या टोकात आयन आणि पाणी शिरते, ते फुगते आणि संधीपासून सुटते. ग्लुटामेट पिशव्यांत भरणारे व्हीग्लट-३ हे प्रथिन नसलेल्या उंदरांत गोंगाटानंतरही संधी टिकतात. यावरून ग्लुटामेटचा वाटा सिद्ध होतो. संधी सुटलेल्या चेतापेशी लगेच मरत नाहीत, त्या महिनोन्‌महिने हळूहळू झडतात. न्यूरोट्रॉफिन-३ या पोषक प्रथिनाने उंदरांत काही संधी पुन्हा जुळवता आल्या आहेत.

गिनिपिगांत आधी तुटतात ते बहुतांशी मोठ्या आवाजाला प्रतिसाद देणारे, गजबजाटात बोलणे वेगळे काढण्यास उपयोगी मानले जाणारे तंतू. शांत खोलीतली ऑडिओग्रामची चाचणी त्यांना जवळजवळ चुकवूनच जाते. ‘ऐकू येते, पण गर्दीत काय बोलतात ते कळत नाही’ असे सांगणाऱ्याला अहवाल चांगला आहे म्हणून परत पाठवणे म्हणूनच अन्यायाचे आहे. मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी कर्णावर्तांतही अशी चेतातंतूंची तूट दिसली आहे. जिवंत माणसात ती खात्रीने मोजणारी सर्वमान्य चाचणी मात्र नाही.

जनुकीय प्रवणता : एकाच यंत्राजवळ वर्षानुवर्षे काम करणाऱ्या दोघांपैकी एक बहिरा होतो आणि दुसऱ्याला विशेष त्रास होत नाही, यामागे जनुकांचाही हात असतो. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सी-५७ ब्लॅक-६ जातीच्या उंदरांत कॅढेरिन-२३ च्या जनुकात एक बदल असतो. त्यामुळे ते लवकर बहिरे होतात आणि गोंगाटही त्यांना अधिक बाधतो. माणसात कॅटॅलेज हे ऑक्सिडीकरणरोधी विकर, प्रोटोकॅढेरिन-१५ आणि ७० किलोडाल्टनची उष्माघात-प्रथिने यांच्या जनुकांतील भेदांचा संबंध आढळला आहे, पण प्रत्येक भेदाचा परिणाम लहान असतो.

सर्वांत बोलके उदाहरण पेज्वाकिन या प्रथिनाचे. ‘पेज्वाक’ हा प्रतिध्वनीसाठीचा फारसी शब्द. हे जनुक २००६ मध्ये इराणमधील कुटुंबांच्या अभ्यासातून सापडले. निरोगी केशपेशी गोंगाटाला उत्तर म्हणून पेरॉक्सिसोम या ऑक्सिडीकरणरोधी पेशीअंगकांची संख्या वाढवतात. पेज्वाकिनशिवाय हे जमत नाही. पॅरिसमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की पेज्वाकिन नसलेल्या उंदरांच्या पिल्लांचे कान त्यांच्या भावंडांच्या ओरडण्यानेही बिघडतात. एका वेतात पिल्ले जितकी जास्त, तितका बहिरेपणा अधिक. म्हणजे ज्याला ‘साधा आवाज’ म्हणतात, तो कोणासाठी साधा हे पेशीतल्या रसायनांवर ठरते. सर्वांसाठी एकच मर्यादा, उदाहरणार्थ आठ तासांना ८५ डेसिबेल, घालून दिली तरी सर्वांना सारखे संरक्षण मिळत नाही.

उपचार : ॲसिटिलसिस्टीन, डी-मेथिओनिन, ग्लुटाथायॉन परॉक्सिडेज विकराची नक्कल करणारे एब्सेलेन आणि जेएनके साखळी रोखणारे पेप्टाइड यांच्या माणसांवर चाचण्या झाल्या आहेत. प्राण्यांतील यश माणसात तितके ठळक उतरलेले नाही.

गेलेल्या पेशी परत आणण्याचा मार्ग पक्ष्यांनी दाखवला. गोंगाटाने केशपेशी गमावलेल्या पक्ष्यांत आधारपेशींपासून नव्या केशपेशी तयार होतात, हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात उघड झाले. सस्तन प्राण्यांत हीच वाट नॉच ही संदेशसाखळी अडवून धरते. २०१३ मध्ये गोंगाटाने बहिऱ्या केलेल्या उंदरांच्या कानात नॉचला रोखणारे औषध सोडल्यावर काही आधारपेशींच्या केशपेशी झाल्या आणि श्रवण थोडे सुधारले. अशा नव्या पेशीला प्रेस्टिन पुरेसे मिळणे, तिचे रोम नीट रचले जाणे आणि योग्य चेतातंतू तिच्याशी जोडला जाणे, ही कामे अजून बाकी आहेत.