१९८६ : डॉक्टरवरचा खटला

३१ मे २०२५ला मुख्य नट शुटी गाट्वाने 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा-मालिका सोडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेसोबतची भागीदारी संपल्याचं बीबीसीने जाहीर केलं. पुढे काय, हा प्रश्न निघाला की मालिकेच्या जुन्या चाहत्यांच्या तोंडी एक साल हमखास येतं : १९८६. त्या सालाला नव्या प्रेक्षकांच्या लेखी फारसा अर्थ नाही, म्हणून हा थोडा मागचा इतिहास.

मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ला, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट. पहिली कथा दिग्दर्शित केली वारिस हुसेन यांनी; लखनौचा जन्म, वय चोवीस. परग्रहावरून पळून आलेला 'डॉक्टर' निळ्या पोलीस टेलिफोन बॉक्ससारख्या दिसणाऱ्या यानातून काळात आणि अवकाशात भटकतो, एवढीच मूळ कल्पना. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल १९६६मध्ये आजारपणामुळे थकले, तेव्हा लेखकांनी एक नामी युक्ती काढली : डॉक्टर मरत नाही, त्याचा कायापालट होतो, तोंडवळा आणि स्वभाव बदलून तो पुन्हा उभा राहतो. नटाच्या सोयीसाठी काढलेल्या या पळवाटेने मालिकेला दीर्घायुष्य दिलं. पुढे वीस वर्षांनी तीच पळवाट एका नटाच्या मुळावर आली.

१९८५च्या जानेवारीत सहावे डॉक्टर कॉलिन बेकर यांचा पहिला पूर्ण सीझन सुरू झाला. निर्माते होते जॉन नेथन-टर्नर, १९८०पासून त्याच खुर्चीत. संहिता संपादक एरिक सावर्ड. नव्या डॉक्टरला बेकरना काळ्या मखमलीचा पोशाख हवा होता. निर्मात्यांनी वेशभूषाकाराला सांगितलं की अभिरुचीचा लवलेश नसलेला कोट बनवा, आणि तो तसाच बनला : लाल, पिवळा, हिरवा, गुलाबी, सगळ्या तुकड्यांची गोधडी. पात्रही तसंच चढेल. पहिल्याच कथेत कायापालटाच्या झटक्यात हा डॉक्टर आपल्या सहप्रवासी पेरीचा गळा दाबतो. हळूहळू तो माणसात येईल, अशी योजना होती. पण हळूहळू व्हायला वेळ लागतो, आणि नेमका तोच मिळणार नव्हता.

त्या सीझनमध्ये भाग ४५ मिनिटांचे केले होते, एकूण १३. सुरुवात ८९ लाख प्रेक्षकांनी झाली. पुढे आकडा घसरला, तरी सरासरी सत्तर लाखांच्या वर राहिली. वाईट म्हणावी अशी ही स्थिती नव्हती. तक्रार होती ती हिंसेची. एका कथेत माणसं आम्लाच्या हौदात पडतात, एकीत कैद्याचे हात रक्तबंबाळ होईपर्यंत चिरडले जातात, आणि एकीत खुद्द डॉक्टर खलनायकाला सायनाइडने मारून वर विनोद करतो. मुलांसोबत शनिवारी संध्याकाळी बघायची ही मालिका, हे लक्षात घेतलं तर तक्रार अगदीच पोकळ नव्हती.

२७ फेब्रुवारी १९८५ला, सीझन पडद्यावर चालू असतानाच, बातमी फुटली : मालिका थांबवणार. दुसऱ्या दिवशी 'द सन'ने पहिल्या पानावर बीबीसीच्या 'कटा'ची आरोळी ठोकली. निर्णय बीबीसी वनचे नियंत्रक मायकेल ग्रेड यांचा. त्यांना मालिका हिंसक, हास्यास्पद आणि जुनाट वाटे, आणि ते त्यांनी पुढे कधी लपवलंही नाही. २००२मध्ये 'रूम १०१' या कार्यक्रमात नकोशा गोष्टी हद्दपार करायची पाळी आली, तेव्हा त्यांनी 'डॉक्टर हू'चं नाव घेतलं.

चाहत्यांच्या दंतकथेत ग्रेड हे कंसमामा आहेत. मला ही कथा अर्धीच पटते. टीव्ही असलेल्या घरांकडून मिळणारं परवाना शुल्क बीबीसीला ६५ पौंड हवं होतं, सरकारने दिलं ५८. जुनं शुल्क ४६ होतं, म्हणजे वाढ मिळाली, पण अपेक्षेपेक्षा कमी. त्याच फेब्रुवारीत 'ईस्टएंडर्स' ही नवी कौटुंबिक मालिका सुरू झाली होती आणि दिवसाचं प्रक्षेपण वाढवायचा बेत होता. पैसा कुठून तरी काढायचाच होता, आणि कात्री नावडत्या मालिकेवर आधी चालते. शिवाय 'स्टार वॉर्स' बघून आलेल्या पोरांना पुठ्ठ्याच्या भिंती दिसू लागल्या होत्या. ग्रेड यांच्या जागी दुसरा कोणी असता तरी हा प्रश्न कधी ना कधी टेबलावर आलाच असता. आपल्याकडे मालिका गुपचूप 'प्रेक्षकांचा निरोप घेतात'. तिथे मात्र गदारोळ झाला. बीबीसीचे बिल कॉटन यांना खुलासा करावा लागला की मालिका बंद नाही, पुढच्या वर्षी परत येईल, आणि जुन्या २५ मिनिटांच्या साच्यात येईल.

त्या सीझनचा शेवटचा भाग ३० मार्चला लागला. शेवटच्या क्षणी डॉक्टर पेरीला म्हणतो, चल, मी तुला घेऊन जातो... आणि 'ब्लॅकपूल' या नावाचा 'ब' ओठांवर येता येता चित्र गोठतं. पुढची कथा ब्लॅकपूलच्या जत्रेत घडणार होती, ग्रॅहम विल्यम्स यांनी लिहिलेली. ती आता होणार नव्हती, म्हणून तिथेच कापलं. फिलिप मार्टिन, वॉली के. डेली आणि इतरांच्या कथाही कागदावरच राहिल्या. दरम्यान संगीत निर्माते इयन लेव्हिन यांच्या पुढाकाराने 'डॉक्टर इन डिस्ट्रेस' नावाची तबकडी निघाली. उत्पन्न कर्करुग्णांच्या मदतीसाठी. कॉलिन बेकर स्वतः तीत गायले. ती चालली नाही. तिच्यात सिंथेसायझरवर पुढे हॉलिवूडचे नामवंत संगीतकार झालेले हान्स झिमर होते, हे आज कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही.

परतीचा हिशेब असा : आधी ४५ मिनिटांचे १३ भाग, म्हणजे ५८५ मिनिटं. आता २५ मिनिटांचे १४ भाग, म्हणजे ३५०. भागांची संख्या एकाने वाढली, आणि मालिका चाळीस टक्के आटली.

नेथन-टर्नर आणि सावर्ड यांनी ठरवलं की मालिकेवर खटला चाललाच आहे तर तोच दाखवू. चौदा भागांची एकच कथा, 'द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड'. टाइम लॉर्ड म्हणजे डॉक्टरची जमात. त्यांच्या न्यायालयात डॉक्टर आरोपी; सरकारी वकील 'व्हॅलयार्ड', न्यायाधीश 'इन्क्विझिटर'. रचना डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'वरून घेतली : एक पुरावा भूतकाळातला, एक वर्तमानातला, एक भविष्यातला, मग निकाल. कल्पना धीट होती. पण न्यायालयात बसून डॉक्टर पडद्यावर स्वतःचंच साहस बघतो आणि मध्येमध्ये हरकत घेतो, यात साहसाची हवा निघून जाते. आणि आरोप काय, तर इतरांच्या भानगडीत नाक खुपसणं आणि जाईल तिथे मारामारी. ग्रेड यांच्या तक्रारीच वकिलाच्या तोंडी घातल्या होत्या. चेष्टा म्हणून ठीक. पण जे चाळीस-पन्नास लाख लोक नुसती गोष्ट बघायला बसले, त्यांना ती कळणार कशी?

सुरुवात मात्र बघण्यासारखी आहे. काळ्या अवकाशात एक प्रचंड स्थानक. कॅमेरा त्याच्या मनोऱ्यांवरून तरंगत वर जातो, मग प्रकाशाचा झोत सुटतो आणि निळा बॉक्स त्यात ओढला जातो. पाऊण मिनिटाचं दृश्य, संगणकाने हलवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेलं, खर्च आठ हजार पौंडांच्या वर. मालिकेने तोवर कुठल्याच मॉडेल-दृश्यावर एवढा पैसा ओतला नव्हता. दृश्य संपतं आणि आपण थेट चार भिंतींच्या कोर्टात येऊन बसतो, ते चौदा आठवडे.

पहिले चार भाग आणि शेवटचे दोन रॉबर्ट होम्स लिहिणार होते. १९६८पासून मालिकेसाठी लिहिणारा हा माणूस तिचा सर्वांत कसलेला लेखक. ग्रेड यांच्या हाताखालचे नाट्यविभाग प्रमुख जोनाथन पॉवेल यांना पहिल्या चार भागांतला विनोद आवडला नाही, संहितेवर टीका आली. होम्स तेव्हा आजारी होते. ही टीका त्यांना लागली, आणि सावर्डना त्याहून जास्त लागली. होम्स हे त्यांचे गुरूच. सावर्ड आणि नेथन-टर्नर यांचं आधीच जमत नव्हतं. १९८६च्या वसंतात सावर्डनी राजीनामा दिला. २४ मेला होम्स गेले, वय ६०. तेरावा भाग तयार होता, चौदाव्याचा फक्त आराखडा.

होम्सखातर तो भाग पूर्ण करून द्यायला सावर्ड तयार झाले. त्यांच्या शेवटात डॉक्टर आणि व्हॅलयार्ड एकमेकांना मिठी मारल्यासारखे झोंबत काळाच्या विवरात पडतात, आणि पुढे काय झालं हे आपल्याला कळत नाही. साहित्य म्हणून हा शेवट चांगला होता, असं मला वाटतं. पण नेथन-टर्नर यांनी वेगळा विचार केला : नायक विवरात पडलेला आहे आणि वरच्या मजल्यावरचा नियंत्रक मालिका बंद करायला निमित्तच शोधतोय, मग तो म्हणेल, छान, राहू द्या तिथेच. त्यांनी शेवट बदलायला सांगितला. सावर्डनी संहिता परत घेतली आणि तिच्यातला एक शब्दही वापरायचा नाही असं बजावलं. थोड्याच दिवसांत 'स्टारबर्स्ट' मासिकाच्या मुलाखतीत त्यांनी निर्मात्यांचे वाभाडे काढले.

आता चित्रीकरण तोंडावर आणि शेवट नाही. पिप आणि जेन बेकर हे लेखक जोडपं (कॉलिन बेकर यांचं कोणी नव्हे) आधीचे चार भाग लिहीत होतं. त्यांच्या हाती तेराव्या भागाची संहिता आली. बैठकीला नेथन-टर्नर बसले आणि सोबत साक्षीला एक वकील बसला. कारण सावर्डच्या शेवटात काय होतं, याचा एक शब्दही या दोघांच्या कानावर जाता कामा नये. गेला तर उद्या उचलेगिरीचा दावा. म्हणजे कथेचा पूर्वार्ध पुढ्यात आहे, उत्तरार्ध एकाला ठाऊक आहे, पण तो बोलू शकत नाही. या दोघांनी काही दिवसांत चौदावा भाग लिहून दिला. तो इतका ठासून भरला होता की २५ मिनिटांत मावेना. ३० मिनिटांची परवानगी काढावी लागली. तेराव्या भागाच्या शेवटी कँबर सँड्स या समुद्रकिनाऱ्याच्या वाळूतून हात वर येतात आणि डॉक्टरला आत ओढतात. चौदाव्या भागात त्यातून तो सुटतो, आणि पुढचा अर्धा तास काय चाललंय ते समजून घेण्यात आपली दमछाक होते. त्याबद्दल बेकर दांपत्याला बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं. दुसऱ्याने मांडलेल्या पटावर डोळे बांधून खेळायला बसवल्यासारखं होतं ते.

गोंधळ शेवटापुरता नव्हता. आठव्या भागात पेरीच्या मेंदूत दुसऱ्याचं मन घालतात आणि राजा यर्कॅनोस तिला गोळी घालतो. त्या काळातला मालिकेचा सर्वांत सुन्न करणारा प्रसंग. त्या कथेत डॉक्टर विचित्र, क्रूर वागतो. हे वागणं खरं, की न्यायालयातला पुरावा खोटा, की तो नाटक करतोय? कॉलिन बेकर यांनी लेखक फिलिप मार्टिनना विचारलं. त्यांनी सावर्डकडे बोट दाखवलं. सावर्डनाही माहीत नव्हतं. नटाने मग अंदाजानेच काम केलं. शेवटच्या भागात कळतं की पेरी मेलीच नव्हती, त्याच राजाशी लग्न करून राणी झाली.

प्रक्षेपण ६ सप्टेंबर ते ६ डिसेंबर १९८६. पहिल्या भागाला ४९ लाख प्रेक्षक, चौथ्याला ३७, शेवटच्याला ५६. समोर आयटीव्ही या प्रतिस्पर्धी वाहिनीवर 'द ए-टीम' होती. सात वर्षांपूर्वी आयटीव्हीवर संप असताना याच मालिकेने १ कोटी ६१ लाखांचा आकडा पाहिला होता.

खटला पडद्यावर चालू असतानाच खरा निकाल लागला. मालिका राहील, पण नट बदला, असा वरून हुकूम आला. कारण दिलं की तीन वर्षं पुष्कळ झाली. त्या तीनपैकी दीड वर्ष मालिका बंदच होती. नेथन-टर्नरना स्वतःला सुटायचं होतं, त्यांना थांबवलं. चौथे डॉक्टर टॉम बेकर यांचा सात वर्षांचा विक्रम मोडायची स्वप्नं बघणाऱ्या कॉलिन बेकरना घरी पाठवलं. कायापालटाच्या एका कथेसाठी परत या म्हटल्यावर त्यांनी पूर्ण सीझन मागितला. तो मिळाला नाही, तेव्हा त्यांनी नकार दिला.

त्यामुळे ७ सप्टेंबर १९८७ला नवा सीझन उघडला तेव्हा यानाच्या जमिनीवर तोच गोधडी कोट घातलेला, सोनेरी कुरळ्या केसांचा माणूस पालथा पडलेला होता. त्याला उलथा केला तर चेहऱ्यावर चमकता धूसर प्रकाश, आणि प्रकाश विरला तशी खाली सिल्व्हेस्टर मॅकॉय. टोप घालून दोन्ही डॉक्टर त्यांनीच केले होते. ही कथाही पिप आणि जेन बेकर यांचीच.

म्हणजे कॉलिन बेकर यांना निरोपाचं भाषण मिळालंच नाही. डॉक्टर म्हणून त्यांचं शेवटचं वाक्य ठरलं ते चौदाव्या भागातलं. खटला संपलाय, नवी सहप्रवासी मेल त्याचं वजन उतरवायच्या मागे लागलीय, आणि निळ्या बॉक्सकडे जाता जाता डॉक्टर वैतागून पुटपुटतो : गाजराचा रस, गाजराचा रस, गाजराचा रस.