सगळेच अकरा नंबरवर

इंदूरमध्ये फ्लॅटच्या इमारतीला ‘मल्टी’ म्हणतात. आमच्या मल्टीत संध्याकाळी आठ वाजले की वाय-फाय रेंगाळायला लागतं. समोरच्या काकूंचा पुण्यातल्या नातवाशी चाललेला व्हिडिओ कॉल मध्येच गोठतो आणि आमची बेल वाजते, “अहो, तुमचं तरी चालतंय का?” नेट दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाचं उत्तर ठरलेलं: “भिया, रिस्टार्ट कर लो.” गंमत म्हणजे रिस्टार्ट केल्यावर अर्धा तास बरं चालतंही. त्या अर्ध्या तासाचं कोडं मला बरेच दिवस छळत होतं.

शेवटी फोनवर आसपासची वाय-फाय दाखवणारं अ‍ॅप टाकलं. सोफ्यावर बसल्या जागी 26 राउटर दिसले. बरेचसे 11 नंबरच्या चॅनेलवर (चॅनेल म्हणजे राउटरने बोलायला धरलेली लहरींची पट्टी), काही 1 आणि 6 वर, आणि तिघे-चौघे दीडशहाणे 3, 4, 9 वर.

वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल 13 आहेत खरे, पण दोन शेजारी चॅनेलांमधलं अंतर फक्त 5 मेगाहर्ट्झ, आणि राउटरला बोलायला निदान 20 लागतात. पाट तेरा मांडलेत, पण एकेक पाहुणा चार पाट अडवतो. कोपराला कोपर न लागता बसू शकतात ते तिघंच: 1, 6 आणि 11.

मग 11 वर गर्दी आहे, तर 9 वर सरकावं, असं कुणालाही वाटेल. इथेच फसगत होते. वाय-फायची रीत अशी की आधी ऐकायचं, कुणी बोलत असेल तर थांबायचं, हवा मोकळी झाली की मनात एक आकडा धरून तेवढं मोजायचं आणि मग बोलायचं. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर त्यामुळे वेळ वाटून घेतात. आपल्या सराफ्यात दिवसा सोन्याची दुकानं आणि रात्री त्याच ओटल्यांवर भुट्ट्याचा कीस, तसं. काम हळू होतं, पण भांडण होत नाही.

9 वरच्या राउटरला मात्र 11 वरचं बोलणं उमगतच नाही, नुसती खरखर ऐकू येते. आपल्याच चॅनेलवरचं, उमगणारं वाय-फाय असेल तर राउटर उणे 82 डीबीएम इतक्या क्षीण आवाजालाही थांबतो (डीबीएम हे लहरींच्या शक्तीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका आवाज क्षीण). न कळणाऱ्या खरखरीला तो उणे 62 पर्यंत दाद देत नाही. हा 20 डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत 100 पट. म्हणून 9 वाला बिनदिक्कत मध्येच बोलतो आणि दोघांचेही निरोप फाटतात. अर्धवट शेजारी पूर्ण शेजाऱ्यापेक्षा वाईट, असं हे विचित्र गणित आहे.

आता तो अर्धा तास. रिस्टार्ट झालेला राउटर क्षणभर कानोसा घेऊन त्यातल्या त्यात रिकामा चॅनेल धरतो. थोड्या वेळाने दुसरा कुणी तेच करतो आणि नेमका त्याच जागी येऊन बसतो. वीज जाऊन आली की आणखीच मजा. सगळे एकदम जागे होतात, सगळ्यांना सगळीकडे शांतता ऐकू येते आणि एकसारखी बुद्धी असलेले बरेच जण एकच चॅनेल निवडतात. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणा, त्यात कुणाची चूक नाही.

मोठ्या कॉलेजात किंवा इस्पितळात शेकडो अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारे डबे, एकाच मालकाचे असतात, म्हणून तिथे हे गटाने सोडवता येतं. प्रत्येक पॉइंट मधूनमधून दुसऱ्या चॅनेलांवर डोकावून कोण किती मोठ्याने ऐकू येतं याची यादी करतो आणि कंट्रोलरकडे, म्हणजे सगळ्यांचे चॅनेल ठरवणाऱ्या यंत्राकडे, पाठवतो. कंट्रोलर प्रत्येकाचा एक ठिपका काढतो, एकमेकांना त्रास देणाऱ्यांमध्ये रेघ ओढतो. प्रश्न उरतो तो ठिपके असे रंगवायचा की रेघेच्या दोन टोकांना एकच रंग येऊ नये. नकाशा रंगवायला चार रंग पुरतात का, हा प्रश्न फ्रान्सिस गथ्रीला 1852 मध्ये पडला होता. ‘पुरतात’ हे अपेल आणि हाकेन यांनी 1976 मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं. पण नकाशा सपाट असतो. मल्टीत शेजारी वर असतात, खाली असतात, त्यामुळे तो दिलासा इथे चालत नाही. शिवाय हातात रंग तीनच: 1, 6 आणि 11.

सगळ्या शक्यता तपासून पाहाव्यात म्हटलं, तर 10 पॉइंटांच्या 59,049 होतात, 30 पॉइंटांच्या 205 लाख कोटींच्या वर. म्हणून गट पाडतात. एकमेकांना जोरात ऐकू येणारे एका गटात. दहा-दहाचे तीन गट केले की तपासायच्या मांडण्या 1,77,147 वर येतात, आणि घासाघीस उरते ती फक्त गटांच्या हद्दीवरच्या पॉइंटांची. गटातही सुरुवात सर्वात अडचणीच्या पॉइंटापासून करतात. पंगतीत निम्म्या गोतावळ्याशी अबोला धरलेल्या मामांची जागा आधी ठरवावी लागते, बाकीचे कुठेही बसतात.

चॅनेल बदलणं फुकटचं नसतं, हे मात्र विसरू नये. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपली हाळी देत असतो. त्या हाळीतच तो ‘आता अमुक चॅनेलवर जातोय’ असं कळवतो, पण काही उपकरणांना ते समजत नाही आणि ती तुटतात. म्हणून चांगला कंट्रोलर थोड्याशा फायद्यासाठी कुणाला हलवत नाही, आणि हलवायचंच तर पहाटे. बऱ्याचदा आवाजाची शक्ती कमी करणंच जास्त कामी येतं.

वाय-फायच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात 20 मेगाहर्ट्झ रुंदीचे पंचविसेक चॅनेल मिळतात. पण वेगाच्या हावेने 80 रुंदी धरली की उरतात सहा. त्यातल्या काहींवर रडारचा पहिला हक्क. तिथे निदान एक मिनिट ऐकून मगच बोलायचं आणि रडार दिसलं की 10 सेकंदांत जागा सोडायची. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींमध्ये लवकर विरतात म्हणून लोक कुरकुरतात. मल्टीत मला तो गुणच वाटतो.

आमच्या मल्टीला कंट्रोलर नाही, सोसायटी आहे. लिफ्टशेजारी मी एक कागद लावला. पहिल्या मजल्यावर ओळीने 1, 6, 11, 1. दुसऱ्यावर 6, 11, 1, 6. तिसऱ्यावर 11, 1, 6, 11. चौथ्यापासून पुन्हा तेच. बहुतेकांनी ऐकलं, काकूंचा नातू आता गोठत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका तेवढे 9 सोडायला तयार नाहीत. तो आकडा त्यांना लाभतो म्हणे.