गावातली बंद पडलेली शाळा आणि तिच्या पायऱ्या : थोडी पार्श्वभूमी

बंद पडलेली झेडपीची शाळा वाचनालयाला द्या, बचत गटाला द्या, म्हाताऱ्या माणसांना दुपारी बसायला द्या अशी मागणी निघाली की पहिला प्रश्न येतो, इमारत नक्की कोणाची? आणि दुसरा प्रश्न, जो बहुतेक कोणी विचारतच नाही, तो म्हणजे त्या इमारतीत चढणार कोण? दोन्ही प्रश्न जुने आहेत म्हणून जरा मागे जाऊन बघू.

सुरुवातीला खेडेगावात शाळेला स्वतःची इमारत नसायचीच, देवळात, चावडीत, कोणाच्या तरी पडवीत पोरं बसायची. 1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे आल्या, पुढे स्कूल बोर्ड, आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा सगळं झेडपीकडे गेलं. पण कागदावर मालक कोणीही असो, कित्येक ठिकाणी भिंती गावानेच उभ्या केल्यात. एकाने जागा दिली, कोणी चिरे आणले, कोणी वासे दिले, बायकांनी डोक्यावरून पाणी वाहिलं, आणि कोकणात तर मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रामस्थ मंडळाने वर्गणी काढून कौलांचे पैसे पाठवले. जागा बऱ्याचदा तोंडी दिलेली, बक्षीसपत्र झालेलंच नाही, सातबारा अजून पणजोबांच्या नावावर, आणि त्यावरूनच आज घोडं अडतं.

आता त्या इमारतींची बांधणी बघा. जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे लांब पडवी, आणि जोतं चांगलं दोन फूट तरी उंच, कारण पावसाचं पाणी आत येऊ नये, ओल चढू नये, सापविंचू शिरू नये. त्या काळाच्या मानाने विचार बरोबरच होता. फक्त त्या दोन फुटांवर चढायला तीन-चार दगडी पायऱ्या, कठडा नाही, दाराला उंबरा आणि दोन फळ्यांपैकी एकच उघडी. ज्याला चालता येत नव्हतं ते पोर शाळेत येणारच नाही असं धरूनच हे बांधलं गेलं. मुद्दाम कोणाला बाहेर ठेवलं असं मी म्हणत नाही, पण ती पोरं घरीच राहिली हे खरं आहे, आणि त्यांची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नाही.

1987 च्या खडूफळा मोहिमेत खोल्या वाढल्या, स्लॅब आले, पायऱ्या तशाच. अपंगांसाठीचा पहिला सर्वंकष कायदा 1995 चा, आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तर शाळेच्या इमारतीच्या निकषांतच अडथळामुक्त प्रवेश लिहून टाकला. मग सर्व शिक्षा अभियानातून गावोगावी रॅम्प झाले आणि इथे खरी गंमत नाही, दुःख आहे. साधा हिशोब 1:12 चा, म्हणजे एक फूट चढायला 12 फूट लांबी, दोन फुटांच्या जोत्याला 24 फूट, शिवाय वर खाली व्हीलचेअर वळेल एवढी सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. आणि बघायला काय मिळतं तर सहा-सात फुटांत उरकलेली सिमेंटची घसरगुंडी जिच्यावरून व्हीलचेअर ढकलणाराच मागे सरकतो, आणि वर पोचलात की समोर उंबरा आहेच!

2016 चा दिव्यांग हक्क कायदा पुढचं पाऊल होतं, 7 ऐवजी 21 प्रकारचं अपंगत्व मानलं आणि नियम लागू झाल्यापासून 5 वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करा असं सांगितलं. नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत 2022 लाच संपली. 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की याच 2017 च्या नियमांतल्या नियम 15 मधली सुगमतेची मानकं नुसती शिफारशीसारखी आहेत, ते कायद्याला धरून नाही, तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा.

इकडे पोरं कमी होत गेली. स्थलांतर, घरटी एकदोन मुलं, इंग्लिश मीडियमची पिवळी बस. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एकच मोठी शाळा, करायचं सरकारने काढलं तेव्हा अशा शाळा साडेचौदा हजारांवर होत्या. चालू शाळा बंद करायला माझा विरोधच आहे, पण ज्या कधीच्या बंद आहेत त्या पाडायच्या का?

जपानमधल्या क्योतोत 1869 मध्ये तिथल्या वस्त्यांनी आपल्या वर्गणीतून 64 प्राथमिक शाळा काढल्या, त्यात वस्तीच्या बैठकीची जागाही असायची. पुढे शहराच्या मधल्या भागात मुलं उरली नाहीत, तर मेइरिन शाळा 1993 ला बंद होऊन 2000 मध्ये कलाकेंद्र झाली, तात्सुइके शाळेत 2006 पासून मांगा म्हणजे जपानी चित्रकथांचं म्युझियम आहे. म्हणजे वर्गणीतून उभी राहिलेली शाळा वस्तीकडेच ठेवता येते.

आपल्याकडे कोकणातल्या उतारावरच्या शाळांत तर एक सोय आयतीच असते, मागची बाजू डोंगरात खणलेली असल्याने तिथली जमीन बरेचदा जोत्याला टेकलेली, तिकडून रुंद दार काढलं तर रॅम्पच लागत नाही. फक्त तेच सगळ्यांचं मुख्य दार करा, व्हीलचेअरवाल्याला एकट्याला मागून आणि बाकीचे पुढून असं नको. आणि हे सगळं निर्लेखनाचा, म्हणजे इमारत निकामी ठरवून नोंदीतून काढायचा, प्रस्ताव जायच्या आधी व्हायला हवं. एकदा खोल्या निर्लेखित झाल्या की पुढे पाडकामच, म्हणून आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, मग वापराचा ग्रामसभेचा ठराव, आणि दार, कठडा, टॉयलेट यांचं एस्टिमेट त्याच ठरावाला जोडून झेडपीकडे.